जुनी गाडी साठच्या वेगाला थरथरते? दोष शाफ्टमध्ये आहे का, हे असं ओळखा

जुनी अ‍ॅम्बेसेडर चाळीसपर्यंत निमूट चालते. साठला पोचली की पायाखालचा पत्रा घुमायला लागतो, आरशातलं चित्र पुसट होतं. मालक आधी चाकांचं बॅलन्सिंग करतो, मग टायर बदलतो, मग इंजिनाचे माउंटिंग. खर्च वाढत जातो, थरथर तशीच राहते. अशा वेळी गाडीच्या पोटाखाली फिरणाऱ्या लांब नळीकडे, म्हणजे प्रोपेलर शाफ्टकडे, बघायला हवं.

हा शाफ्ट करतो काय?

अ‍ॅम्बेसेडर २०१४ पर्यंत बनत होती. तिचं इंजिन पुढे, पण जोर मागच्या चाकांना. गिअरबॉक्समधली ताकद मागच्या डिफरन्शियलपर्यंत नेण्याचं काम शाफ्टचं. मागचा अ‍ॅक्सल पाट्यांवर वरखाली होतो, म्हणून शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट असतात.

कोनात फिरणारा क्रॉस प्रत्येक फेरीत शाफ्टचा वेग दोनदा वाढवतो आणि दोनदा कमी करतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस हा फरक भरून काढतो, पण दोन अटींवर: शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत हवेत आणि दोन्ही जॉइंटचे कोन जवळपास सारखे हवेत.

पाना उचलण्याआधी रस्त्यावर बघा

मोकळा, सरळ रस्ता निवडा. सोबत एक माणूस घ्या, नोंदी त्याला करू द्या.

१. थरथर ज्या वेगाला येते, तोच वेग टॉप गिअरमध्ये आणि मग त्याच्या खालच्या गिअरमध्ये धरा. वेग तोच, पण इंजिनाचे फेरे वाढतात. थरथर त्याच वेगाला तशीच राहिली, तर दोष शाफ्ट, डिफरन्शियल किंवा चाकांकडे. इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर बदलली, तर इंजिन किंवा क्लच तपासा.

२. त्या वेगाला काही क्षण न्यूट्रल करा. इंजिन बंद करू नका. थरथर कायम राहिली, तर इंजिनावरचा संशय आणखी कमी होतो.

३. थरथर कशी आहे ते अनुभवा. समजा चाक एका फेरीत दोन मीटर जातं आणि डिफरन्शियलचं प्रमाण साडेचारास एक आहे. साठच्या वेगाला चाक सेकंदाला सुमारे ८ फेरे घेतं, शाफ्ट सुमारे ३७. म्हणून चाकाचा दोष सीटला किंवा स्टिअरिंगला संथ हेलकावा देतो. शाफ्टचा दोष जमिनीच्या पत्र्यात बारीक घुमतो.

४. गाडी जागेवरून उचलतानाच थरथरते, किंवा मागे माणसं बसली की फरक पडतो? मग जॉइंटचे कोन बिघडले असावेत. बसलेलं गिअरबॉक्स माउंटिंग, दमलेले किंवा बदललेले पाटे ही नेहमीची कारणं.

आता गाडीखाली

गाडी सपाट जागी घ्या, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण लावा, मागचा अ‍ॅक्सल मजबूत स्टँडवर टेका. फक्त जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नका. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल.

• जॉइंटची एक बाजू एका हाताने, दुसरी दुसऱ्या हाताने धरून उलट दिशांना पिळा. दोन्ही बाजू एकत्र हलल्या, तर तो डिफरन्शियलचा थोडा नैसर्गिक ढिलेपणा असू शकतो. एक हलली आणि दुसरी नाही, तर क्रॉस झिजला आहे.

• क्रॉसच्या कपाभोवती तांबूस भुकटी दिसली, तर आतल्या सुया कोरड्या पडून गंजल्या आहेत. हळू चालताना येणारी चिवचिव आणि गिअर टाकताना होणारा ‘टक्’ हीच गोष्ट सांगतात.

• शाफ्ट हाताने फिरवत पूर्ण बघा. पोचा, वाळलेला चिखल, डांबराचा थर किंवा निखळलेलं बॅलन्सचं वजन, यातलं काहीही समतोल बिघडवतं.

• दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत आहेत का बघा. सरकणारा स्प्लाइन जोड आधीच्या दुरुस्तीत चुकीच्या दातावर बसला असेल, तर नवीन क्रॉस टाकूनही थरथर जात नाही.

• पिनियनच्या फ्लँजला वर-खाली हलवा. ढिला लागला, तर दोष बेअरिंगमध्ये आहे.

शाफ्ट काढताना एक काम विसरू नका

फ्लँज आणि शाफ्टवर समोरासमोर रंगाच्या खुणा करा, स्प्लाइन जोडावरही. शाफ्ट होता तसाच परत बसायला हवा. क्रॉस बदलल्यावर शाफ्ट बॅलन्सिंग करणाऱ्या वर्कशॉपमध्ये वाकडेपणा आणि समतोल तपासून घ्या.

थांबायचं कधी?

क्रॉसमध्ये हाताला खेळ लागला, तर “पुढच्या महिन्यात बघू” म्हणू नका. धावत्या गाडीत पुढचा जॉइंट तुटला, तर शाफ्टचं टोक रस्त्यावर पडून रुतू शकतं आणि गाडी ताब्यातून जाऊ शकते. तुटण्याआधी बऱ्याचदा गाडी टकटक करून सांगत असते. ते ऐकलं, तर काम एका क्रॉसवर भागतं.