दिनविशेष : २८ सप्टेंबर १९६९ – मर्चिसनचा अशनी

ऑस्ट्रेलियातल्या मर्चिसन गावावर रविवारी सकाळी अकराच्या सुमारास आगीचा गोळा फुटला आणि काळ्या दगडांचा सडा पडला. एक तुकडा छप्पर फोडून थेट गवतात! दगडांना स्पिरिटसारखा वास येत होता म्हणे. चांद्रशिला दोनच महिन्यांपूर्वी पृथ्वीवर आल्या होत्या, त्यामुळे प्रयोगशाळा तयारीतच होत्या. अमेरिकेतल्या अॅरिझोना स्टेट विद्यापीठात १९६१ पासून अशनी-अभ्यास केंद्र आहे. त्याचे पहिले संचालक कार्लटन मूर नासाच्या शास्त्रज्ञांबरोबर या दगडांच्या संशोधनात होते. डिसेंबर १९७० मध्ये ‘नेचर’ने त्यांचा निष्कर्ष छापला : दगडात पृथ्वीबाहेरची अमिनो आम्ले आहेत. पुरावा मोठा सुरेख. सजीवांची प्रथिने ‘डावखुऱ्या’, म्हणजे एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारख्या दोन रूपांपैकी डाव्या, अमिनो आम्लांची असतात. इथे डावी-उजवी जवळपास सारखीच निघाली. कुणाच्या बोटांचा घाम लागला असता, तर डावीच जास्त दिसली असती.