जव्हार-मोखाड्याच्या विद्यार्थ्यांसाठी मोफत सर्व्हर : कोण देतो, कसा मिळतो, कसा वाटून घ्यावा

सर्व्हर म्हणजे रात्रंदिवस चालू असलेला, इंटरनेटला जोडलेला आणि दुरून वापरता येणारा संगणक. तो एकाच वेळी अनेकांना वापरता येतो. प्रत्येकाचे खाते वेगळे, फायली वेगळ्या. मुक्तस्रोत म्हणजे ओपन सोर्स सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या जगात अशा संगणकाचा एक कोपरा दुसऱ्याला विनामूल्य वापरू देण्याची रीत फार जुनी आहे. जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांतील विद्यार्थ्यांना या रीतीचा उपयोग कसा होईल, कोणते मोफत सर्व्हर खरोखर मोफत आहेत आणि आपल्यापैकी कोणाला असा सर्व्हर उपलब्ध करून द्यायचा असेल तर काय करावे, याची माहिती येथे दिली आहे.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला, त्यात हे दोन्ही तालुके आले. २०११ च्या जनगणनेनुसार जव्हार तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ४० हजार आणि मोखाड्याची सुमारे ८३ हजार. दहापैकी नऊहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे, म्हणजे वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी. दिवाळीनंतर कामासाठी भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जाणारी कुटुंबे येथे अनेक आहेत. पावसाळ्यात वीज जाते, पाड्यावर रेंज येते-जाते. घरात लॅपटॉप असलेला विद्यार्थी विरळा, पण स्मार्टफोन बऱ्याच जणांकडे आहे.

मोखाडा तालुक्यात कोचाळे येथे वैतरणेवर मध्य वैतरणा धरण आहे. १०२ मीटर उंच. त्यातून मुंबईला दररोज ४५ कोटी लिटरहून अधिक पाणी मिळते. त्याच मुंबईत मायक्रोसॉफ्ट, अ‍ॅमेझॉन, गूगल आणि ओरॅकल या कंपन्यांनी २०१५ ते २०१९ या काळात आपली सर्व्हर केंद्रे सुरू केली. म्हणजे देशातील सर्वात मोठ्या संगणकांपैकी काही मोखाड्यापासून दीड-दोनशे किलोमीटरच्या आत आहेत. पाणी तिकडे जाते. तिकडची संगणकशक्ती इकडे आणायला पाइपलाइनही लागत नाही, एक खाते लागते.

फोनवरून सर्व्हर कसा चालतो?

अँड्रॉइड फोनवर टर्मक्स नावाचे मोफत अ‍ॅप चालते. ते एफ-ड्रॉइड या मुक्तस्रोत अ‍ॅपच्या भांडारातून घ्यावे. त्यातून एसएसएच या पद्धतीने दूरच्या सर्व्हरवर प्रवेश करता येतो. पडद्यावर फक्त अक्षरे दिसतात, चित्रे नाहीत, आणि नेमका हाच त्याचा फायदा आहे. अक्षरांना डेटा अगदी कमी लागतो. तासभर काम केले तरी एखाद्या छोट्या व्हिडिओइतकाही डेटा खर्च होत नाही.

त्याहून मोठा फायदा वेगळाच आहे. प्रोग्रामिंग शिकताना शेकडो एमबीची पॅकेजे उतरवावी लागतात. सर्व्हरवर काम करताना ती सर्व्हरच्या इंटरनेटवरून सर्व्हरवरच उतरतात, विद्यार्थ्याच्या डेटा पॅकमधून नाही. दीड जीबीच्या रोजच्या पॅकवर ज्याला साधे पायथनचे ग्रंथालय उतरवणे जड जाते, तो सर्व्हरवर तेच काम मिनिटभरात करतो.

रेंज तुटण्यावरही उपाय आहे. टीमक्स हा प्रोग्राम सर्व्हरवर सुरू ठेवला की फोन बंद पडला तरी काम तेथे चालूच राहते. पुन्हा रेंज आली की सोडले तेथून सुरू. मॉश नावाचे दुसरे साधन २०१२ मध्ये एमआयटीमध्ये तयार झाले, तेही तुटक्या नेटवर्कसाठीच. मात्र मॉश सर्व्हरवरही बसवलेले असावे लागते, त्यामुळे खाते घेतानाच विचारून घ्यावे. फोनच्या छोट्या कीपॅडवर प्रोग्राम लिहिणे त्रासाचे असते. ओटीजी पिन आणि साधा यूएसबी कीबोर्ड काही शे रुपयांत येतो. नवा फोन घेण्यापेक्षा हा खर्च आधी करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कंपन्यांचे मोफत

मोफत म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यासमोर मोठ्या कंपन्याच येतात. ओरॅकलचा ‘कायम मोफत’ सर्व्हर उदार असल्याची ख्याती आहे, पण नोंदणीला बँकेचे कार्ड लागते, आणि सर्व्हर फारसा वापरला नाही तर कंपनी तो परत घेऊ शकते. कार्डाची ही अट किरकोळ वाटते. ज्या घरात बँक खाते फक्त अनुदान किंवा शिष्यवृत्ती जमा होण्यासाठी आहे, तेथे आंतरराष्ट्रीय व्यवहाराला चालणारे कार्ड कोठून येणार? फुकट वस्तूच्या दारात उभा केलेला हा पहारेकरीच आहे.

कार्ड न मागणारे पर्याय आहेत. गूगलच्या क्लाउड शेलला गूगल खाते पुरते. ५ जीबी जागा आणि आठवड्याला ५० तास मिळतात. मात्र १२० दिवस न वापरल्यास जागा पुसली जाते. गिटहबच्या कोडस्पेसेसमध्ये दोन कोअरच्या यंत्रावर महिन्याला ६० तास मिळतात. साधे संकेतस्थळ ठेवण्यासाठी गिटहब पेजेस किंवा जर्मनीतील ना-नफा संस्थेचे कोडबर्ग पुरेसे आहे.

कंपनीचे मोफत कधी संपेल हे कंपनी ठरवते, हे मात्र विसरू नये. जगभरातील लाखो विद्यार्थ्यांनी आपला पहिला प्रकल्प हेरोकूवर ठेवला होता. २८ नोव्हेंबर २०२२ पासून हेरोकूची मोफत सेवा बंद झाली. नवशिक्यांच्या आवडत्या ग्लिचने जुलै २०२५ मध्ये प्रकल्प ठेवण्याची सोय थांबवली. यात कंपन्यांचा नफा-तोटा आहेच, पण गैरवापरही आहे. फुकट सर्व्हरवर चोरून क्रिप्टो चलन ‘खणणाऱ्यांनी’ अनेक मोफत सेवा बुडवल्या. दहा जणांच्या लबाडीमुळे दहा हजारांवर कार्डाची अट आली.

विकसकांनी विकसकांना दिलेले

दुसरा प्रकार कमी माहितीचा आहे आणि आमच्या मते तोच अधिक भरवशाचा. १९८७ मध्ये सुरू झालेली एसडीएफ ही ना-नफा संस्था सामान्य लोकांना युनिक्सची खाती देत आली आहे. मूळ खाते मोफत, नाममात्र देणगीनंतर अधिक सोयी. २०१४ मध्ये टिल्ड क्लब सुरू झाला : एकाच संगणकावर अनेकांची खाती, प्रत्येकाचे एक छोटे पान, एकमेकांना विचारून शिकणे. त्याच्या धर्तीवर पुढे अनेक सर्व्हर उभे राहिले. नवशिक्याने सुरुवात येथून करावी. इंग्रजीत चार ओळींचा अर्ज लागतो : मी कोण, मला काय शिकायचे आहे. तो प्रामाणिकपणे लिहिला तर पुरतो.

थोडे काम येऊ लागल्यावर सीफार्मकडे पाहावे. जीसीसी या कम्पायलरच्या विकसकांसाठी २००५ च्या सुमारास फ्रान्समध्ये सुरू झालेला हा सर्व्हरांचा ताफा आज कोणत्याही मुक्त सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्याला अर्जावर मिळतो. एआरएम, पॉवरपीसी, रिस्क-फाइव्ह अशी वेगवेगळ्या जातीची यंत्रे, जी बाजारात विकत घेणे परवडणार नाही, त्यावर आपला प्रोग्राम चालवून पाहता येतो. अट एकच, काम मुक्त सॉफ्टवेअरचे हवे.

मराठी वाचकांच्या सर्वात जवळचे उदाहरण विकिपीडियाचे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. विकिमीडियाची टूलफोर्ज ही सेवा विकिप्रकल्पांसाठी साधने लिहिणाऱ्यांना सर्व्हरवर मोफत जागा देते. लिहिलेले साधन मुक्त परवान्याखाली ठेवावे लागते. पॉज या तिच्या जोडीच्या सेवेत ब्राउझरमध्येच पायथन लिहिता येते, विकिपीडियाचे खाते असले की झाले. आपल्या तालुक्यातील कोणत्या गावांवर मराठी लेख नाहीत, कोणत्या लेखाला छायाचित्र नाही, याची यादी काढणारा प्रोग्राम हा बारावीच्या विद्यार्थ्यालाही जमण्यासारखा पहिला प्रकल्प आहे.

अमेरिकेतील ऑरेगन राज्य विद्यापीठाची ओपन सोर्स लॅब २००३ पासून मुक्तस्रोत प्रकल्पांना सर्व्हर देते, आणि ते सर्व्हर सांभाळण्याच्या कामात विद्यापीठाचे विद्यार्थीच असतात. पगार घेतात, शिकतात. २०२५ मध्ये या प्रयोगशाळेला सुमारे अडीच लाख डॉलरची तूट आली आणि ती बंद पडण्याच्या बेतात होती. देणगीदार पुढे आले म्हणून वाचली. वाटून दिलेला सर्व्हरही कोणाच्या तरी पैशाने चालतो, एवढे यातून समजावे.

पेटीतला सर्व्हर

इंटरनेटच नसेल तर? तिसरा प्रकार त्यासाठीच आहे. एखादा जुना डेस्कटॉप किंवा रास्पबेरी पाय ही छोटी पट्टी, त्याला एक वायफाय राउटर. खोलीतले फोन त्याला जोडले जातात, बाहेर रेंज असो वा नसो. कोलिब्री या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये धडे आणि व्हिडिओ साठवता येतात. किविक्समध्ये अख्खा मराठी विकिपीडिया मावतो. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे मराठीतील प्रोग्रामिंगचे धडेही असे उतरवून ठेवता येतात. लिनक्सची पॅकेजे साठवून ठेवणारा छोटा प्रोग्राम बसवला की एकाने उतरवलेले पॅकेज बाकीच्या तिघा-तीसांना नेटशिवाय मिळते.

ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. जगभर गाजलेल्या ‘प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप’ योजनेचा भारतातील पहिला प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील कर्जतजवळच्या खैराट येथील एकशिक्षकी शाळेत झाला. मुलांचे काम शाळेतल्या सर्व्हरवर साठवले जावे, हे त्या योजनेच्या आराखड्यातच होते. आपल्या पालघर जिल्ह्यात आयआयटी मुंबईच्या ग्राममार्ग प्रकल्पाने टीव्हीच्या रिकाम्या लहरींवरून गावांत इंटरनेट पोचवून दाखवले. २०१७ मध्ये मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत तो पहिला आला. त्या प्रयोगाने तार नसलेल्या गावात जोडणी कशी न्यावी हे दाखवले. जोडणीच्या टोकाला शिकण्याचे यंत्र कोणते असावे, हा त्यानंतरचा प्रश्न आहे.

आपण दिला तर

या संकेतस्थळाचे अनेक वाचक ऐरोली, हिंजवडी किंवा परदेशात संगणक क्षेत्रात आहेत. चार जीबी मेमरीचा भाड्याचा सर्व्हर महिन्याला हजार रुपयांच्या आसपास मिळतो, आणि त्यावर पंधरा-वीस नवशिके आरामात काम करतात. चार मित्रांनी मिळून असा एक सर्व्हर जव्हार-मोखाड्यातील एखाद्या महाविद्यालयासाठी, आयटीआयच्या कोपा तुकडीसाठी किंवा विहारातील अभ्यासिकेसाठी चालवणे अवघड नाही. जुने लॅपटॉप वाटण्यापेक्षा हे अधिक उपयोगी पडते, कारण जुन्या लॅपटॉपची बॅटरी आधीच गेलेली असते आणि दुरुस्तीला नाशिक गाठावे लागते.

डेबियन लिनक्स बसवावे. प्रत्येकाला स्वतंत्र खाते. एकच पासवर्ड सगळ्यांना सांगण्याचा मोह टाळावा. प्रवेश पासवर्डने न ठेवता कीने ठेवावा. प्रत्येकाच्या जागेला आणि मेमरीला मर्यादा घालावी, नाहीतर एकाचा चुकलेला प्रोग्राम बाकीच्यांना थांबवतो. ब्राउझरमधून शिकवायचे असेल तर शंभरेक जणांपर्यंतच्या वर्गासाठी बनवलेले ‘लिटलेस्ट ज्युपिटरहब’ बसवायला सोपे आहे. सर्व्हरची मुख्य चावी किमान दोघांकडे असावी, आणि त्यातला एक तालुक्यातला असावा. नोकरी बदलली, लग्न झाले, देणारा व्यस्त झाला की असे उपक्रम विझतात. दुसरी चावी असेल तर विझत नाहीत.

नियम मराठीत, एका पानावर लिहावेत. क्रिप्टो नाही, ढीगभर ईमेल पाठवणे नाही, दुसऱ्याच्या फायलीत डोकावणे नाही. आणि एक नियम ठळक अक्षरांत : आधार, शिधापत्रिका, जातीचे दाखले, लाभार्थ्यांच्या याद्या यांतले काहीही या सर्व्हरवर ठेवायचे नाही. गावच्या कामासाठी म्हणून तरुण उत्साहाने अशा याद्या बनवतात. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अशा माहितीची जबाबदारी ती ठेवणाऱ्यावर येते, आणि अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते.

कामाला विषय शोधावे लागत नाहीत. वारली, कोकणा आणि कातकरी बोलींचा शब्दसंग्रह देवनागरीत गोळा करून तो मुक्त परवान्याने ठेवणे, हे संगणक आणि भाषा दोन्ही येणाऱ्याचेच काम आहे. ऐरोलीतल्या अभियंत्याला ते जमणार नाही. पाड्यावरच्या मुलीला आजीला विचारून जमेल. तिला हवे ते एवढेच की तिने लिहिलेले कोठेतरी सुरक्षित राहावे.

म्हणून खाती बंद करण्याचा नियम ठरवताना शाळेच्या वर्षाकडे नव्हे, भट्टीच्या हंगामाकडे पाहावे. महिनाभर न वापरल्यास खाते पुसण्याची पद्धत शहरात ठीक आहे. येथे दिवाळीनंतर गेलेला विद्यार्थी पावसाच्या तोंडावर परततो. तेव्हा न वापरलेले खाते किमान वर्षभर ठेवावे, आठवड्याचा बॅकअप दुसऱ्या जागी घ्यावा, आणि निघण्यापूर्वी प्रत्येकाला त्याची की एका मेमरी कार्डवर द्यावी, म्हणजे फोन हरवला तरी भिवंडीहूनही आपले काम उघडता येईल.