पेव, बळद, उतरंड : परभणीच्या घरातील धान्यसाठ्याची गोष्ट

शिकवण्यांचे पेव फुटले, पतसंस्थांचे पेव फुटले, असे आपण सहज लिहितो. एखादी गोष्ट एकाएकी आणि जरा जास्तच वाढली की मराठी माणसाला पेव आठवते. पण हे पेव परभणी जिल्ह्यातल्या वीस वर्षांच्या मुलाला दाखवायचे म्हटले, तर दाखवणार कुठे? शब्द भाषेत राहिला आणि वस्तू जमिनीतच बुजली. धान्य साठवण्याची ही पद्धत आणि तिच्या भोवतीचे स्वयंपाकघर यांचा इतिहास कागदपत्रांत थोडा आणि शब्दांत जास्त सापडतो. मोल्सवर्थच्या 1857 च्या कोशापासून आजच्या बोलीपर्यंत पेव, बळद, कणगी, उतरंड, रांजण ही नावे जिवंत आहेत. त्यांच्या आधाराने मागे जाता येते.

पेव म्हणजे जमिनीत खणलेले धान्याचे कोठार. तोंड अरुंद, एक माणूस जेमतेम उतरेल एवढे; खाली पोट मोठे, रांजणासारखे. तळाशी आणि कडेने कडब्याचा किंवा भुसाचा जाड थर, आत ज्वारी, वर पुन्हा कडबा, त्यावर दगडी झाकण आणि मातीचा लेप. पेव शेतात खणत नसत, याचे कारण आपल्या जमिनीत आहे. गोदावरी, पूर्णा, दुधना यांच्या खोऱ्यातली काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यात पेव टिकत नाही. म्हणून पेवे असत गावठाणात, उंचवट्याच्या पांढरीत, मुरमाड जागी. ‘काळी’ पिकवायची आणि ‘पांढरी’ राखायची, अशी गावाची वाटणीच होती. पेवाला आग लागत नाही आणि लुटारूला ते वरून दिसत नाही. ज्या मुलखाने पेंढाऱ्यांच्या धाडी पाहिल्या, तिथे हा गुण लहान नव्हता.

ही पद्धत किती जुनी? पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने 1968 पासून उत्खनन केले. तिथे तीन हजार वर्षांहून जुन्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत घरांशेजारी धान्यासाठी खणलेले खड्डे मिळाले. गावप्रमुखाच्या म्हणून ओळखल्या गेलेल्या मोठ्या घराजवळ धान्याचे कोठारही होते. साठा कसा करायचा आणि तो कोणाच्या दारात असायचा, हे दोन्ही प्रश्न इतके जुने आहेत.

पेवाचे शास्त्र सोपे आहे. बंद पेवात धान्य आणि त्यातले किडे दोघेही श्वास घेतात. आतला प्राणवायू कमी होत जातो, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि सोंडे गुदमरून मरतात. औषधाची गरज पडत नाही. मात्र याच कारणाने उघडलेल्या पेवात लगेच उतरणे म्हणजे मरण. तोंड काही काळ मोकळे ठेवायचे, मग कंदील खाली सोडायचा, तो विझला नाही तरच माणूस उतरवायचा, हा नियम होता. पेवातल्या ज्वारीला एक आंबूस वास लागतो आणि तिची उगवणशक्ती जाते. म्हणून बियाणे कधीही पेवात जात नसे. निवडक कणसे चुलीच्या वर, धुराच्या वाटेत टांगलेली असत. खाण्याचे धान्य आणि पेरण्याचे धान्य यांचा मार्ग खळ्यावरच वेगळा होई.

वर्षाचा हिशोबही ठरलेला होता. रब्बी ज्वारी माघ-फाल्गुनात निघे, चैत्र-वैशाखाच्या उन्हात खडखडीत वाळे आणि मृगाच्या आत आपापल्या जागी जाई. धान्य वाळले की नाही, हे बायका दाणा दाताखाली धरून ठरवत. कडकन तुटला तर भरायचा, नुसता दबला तर आणखी दोन उन्हे. आज धान्यातील ओलावा दहा-बारा टक्क्यांवर आणा असे सांगतात. ती मोजणी दाताने होत होती.

घरात साठ्याची उतरती पायरी होती. मोठ्या वाड्यात बळद असे : भिंतीलगतची अंधारी, बंद कोठडी, वरून भरायची आणि खालच्या छोट्या तोंडाने काढायची. त्याखाली कणगी, बांबूची किंवा तुराट्यांची विणलेली आणि शेणमातीने लिंपलेली. त्याहून लहान रांजण आणि शेवटी स्वयंपाकघरातली उतरंड, म्हणजे एकावर एक रचलेली मडकी. ‘उतरंडीला नसेना दाणा, पण दादला असावा पाटील राणा’ या म्हणीत थट्टा आहे. पण घराची पत उतरंडीवरून जोखली जाई, हेही ती सांगते. पेव घरधनी उघडे, उतरंड घरधनीण. कोणत्या मडक्यात काय आणि ते किती दिवस पुरेल, हा हिशोब तिच्या डोक्यात असे.

या हिशोबाला पाककौशल्य जोडलेले होते. ज्वारीचा दाणा नीट ठेवला तर हंगामामागून हंगाम टिकतो, पीठ मात्र लवकर जुने होते. दाण्याच्या अंकुरातले तेल दळताना पिठात मिसळते आणि कडवट होऊ लागते. अशा विरी गेलेल्या पिठाची भाकरी थापताना कडांना चिरते. त्यामुळे साठा दाण्याचा आणि दळण रोजचे, असा नियम पडला आणि पहाटेचे जाते बाईच्या नशिबी आले. परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या जनाबाईच्या अभंगांत विठ्ठल तिच्या जात्याला हात लावतो, त्यामागे हा रोजचा, न चुकणारा भार आहे.

डाळीचे गणित वेगळे. अख्ख्या तुरीवर भुंगा अंडी घालतो, म्हणून तुरीला लाल मातीचा हात देत, किंवा डाळ करून ठेवत. तेलाचा पातळ हात दिला तर अंडी जगत नाहीत. कडुनिंबाचा पाला, चुलीची राख हे बाकीचे रक्षक. उन्हाळ्यात कुरडया, सांडगे, पापड, वाळकाच्या काचऱ्या, वाळवलेली गवार आणि हरभऱ्याची भाजी. भाजलेले धान्य, हरभरा आणि मसाला दळून केलेला येसर पावसाळ्यात भाजी नसताना आमटीला उपयोगी पडे. शेंगदाणा, जवस, कारळ यांच्या कोरड्या चटण्या त्याच रांगेत. पाणी काढून टाकणे, भाजणे, मीठ आणि तेल लावणे या चार युक्त्यांवर मराठवाड्याचे स्वयंपाकघर आठ महिने चालत होते.

मात्र या चित्रात सगळे गाव नव्हते. पेव पाटलाचे, देशमुखाचे, सावकाराचे. बलुतेदाराला खळ्यावर वाटा मिळे, सालगड्याचे साल पाडव्याला ठरे आणि मोबदल्यात धान्य असे. पण आषाढ-श्रावण येईतो बहुतेकांची मडकी रिकामी होत. मग सवाई-दिढीने ज्वारी उचलायची : एक मण नेली तर सुगीला सव्वा किंवा दीड मण परत. ज्याच्याकडे पेव, त्याच्याकडे पावसाळा. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा इतकी शतके टिकली, ती याच ठिकाणी. बादशाही कोठार भुकेल्यांसाठी उघडणारा अधिकारी लोकांना देवाच्या बरोबरीचा वाटला, कारण कोठारे सहसा उघडत नसत.

विसाव्या शतकात या व्यवस्थेवर एकामागून एक घाव बसले. 1900 च्या सुमारास मनमाडहून हैदराबादकडे जाणारी रेल्वे परभणीवरून गेली आणि धान्याला बाहेरची बाजारपेठ मिळाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात निजामी राजवटीने लेव्ही बसवली, तेव्हा घरातला साठा हा सरकारी चौकशीचा विषय झाला. 1964 मध्ये सीएसएच-1 हे ज्वारीचे पहिले संकरित वाण आले. ते भरघोस होते, पण लवकर पक्व होई. कणसे नेमकी परतीच्या पावसात सापडत आणि दाणा काळा पडे. असा बुरशीचा दाणा पेवात टिकत नाही. तो विकायचा किंवा लगेच संपवायचा. पाठोपाठ 1972 चा दुष्काळ आला. ज्वारीच्या मुलखाने अमेरिकेतली लाल मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढले. भरायलाच काही नव्हते, तिथे पेवे आणि बळदे रिकामी राहिली.

त्याच वर्षी, 18 मे 1972 रोजी, परभणीत मराठवाडा कृषी विद्यापीठ सुरू झाले. परभणी मोती, परभणी ज्योती आणि 2018 मध्ये लोह व जस्त जास्त असलेली परभणी शक्ती ही ज्वारीची वाणे इथली. परंतु शेताने तोवर दिशा बदलली होती. जायकवाडीच्या डाव्या कालव्याने ऊस आणला, पुढे कापसाच्या जोडीला सोयाबीन आले. सोयाबीन घरात ठेवून कोणी खात नाही. काढले की मोंढ्यावर. रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागला. रिकाम्या मडक्यांच्या घरांना त्याने खरा आधार दिला, हे विसरून चालणार नाही. सवाई-दिढीचा फास सुटला तो यामुळेही. मात्र त्यासोबत घरात वर्षाची ज्वारी असण्याची गरज संपली.

जिथे वर्षाचे धान्य अजून भरतात, तिथे राखेची जागा कीडनाशक गोळीने घेतली आहे. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळीतून निघणारा फॉस्फिन वायू माणसालाही मारतो. झोपायच्या खोलीत धान्याची कोठी असलेल्या घरात ती गोळी म्हणजे जिवाशी खेळ. आणि गंमत अशी की हवाबंद साठवणुकीसाठी आता जे तीन थरांचे प्लॅस्टिक पोते विकले जाते, ते नेमके पेवाच्या तत्त्वावर चालते : तोंड बांधा, प्राणवायू संपू द्या, कीड मरेल. अट एकच, धान्य आधी खडखडीत वाळलेले हवे.

पेव पुन्हा खणा, असे सांगण्याचा हेतू नाही. सांगली जिल्ह्यातल्या हरिपूरची हळदीची पेवे 2005 च्या महापुरात बुडाली. पाण्यापुढे पेवाचे काही चालत नाही. पण पेवाला उत्तर मिळाले म्हणून त्याच्या भोवतीचे ज्ञान टाकाऊ होत नाही. दाणा दाताखाली तपासणे, बियाणे वेगळे राखणे, आठवड्यापुरतेच दळणे, डाळीला तेलाचा हात देणे, या गोष्टींना ना वाडा लागतो ना जमीन. दोन डबे असलेल्या भाड्याच्या खोलीतही त्या होतात. पूर्वी ज्ञान सगळ्या घरांत होते आणि धान्य थोड्यांच्या. आज धान्य बहुतेक घरांत पोहोचते आहे. अशा वेळी ते ज्ञान ज्यांच्या डोक्यात आहे, त्या सत्तरी ओलांडलेल्या बायकांकडून गावोगाव लिहून घेणे, हे काम परभणीत आता व्हायला हवे. त्यांच्यानंतर विचारायला कोणी उरणार नाही.