तिरुवैयारु ते इंटरनेट : एक नाव, दोन पत्ते

व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात तंजावरला मराठा राज्य स्थापले. त्याच मुलखात कावेरीकाठी तिरुवैयारु आहे. तमिळमध्ये ‘ऐ’ म्हणजे पाच, ‘आरु’ म्हणजे नदी. ‘तिरु’ हे आदरवाचक. संस्कृतात म्हणून हे क्षेत्र ‘पंचनद’, आणि येथील शिव ‘पंचनदीश्वर’. मात्र महाभारतातील ‘पंचनद’ म्हणजे पंजाब. दोन्ही नावे यथार्थ. ऐकणारा कोठे उभा आहे, यावर अर्थ ठरतो.

माणूस संदर्भाने अर्थ लावतो. संगणकाला ती सोय नाही. अनेक कार्यालयांनी आपल्या अंतर्गत जाळ्यांतील यंत्रांना ‘.कॉर्प’, घरगुती उपकरणांनी ‘.होम’ अशी रोमन लिपीतील शेपटे लावली होती. त्यांची जागतिक नोंद कोठेही नव्हती. असा लॅपटॉप कार्यालयाबाहेर उघडला, की त्याची विचारणा थेट इंटरनेटच्या मूळ नामसूचीकडे जाई. तेथून ‘असे नाव नाही’ एवढेच उत्तर येई, आणि त्या नकारातच सुरक्षितता होती. उद्या ते नाव कोणी अधिकृतपणे घेतले, तर तीच विचारणा, कदाचित पासवर्डसह, परक्याच्या दारी पोहोचेल.

२०१२ मध्ये ‘आयकॅन’ या नियामक संस्थेकडे नव्या नावांसाठी १,९३० अर्ज आले, तेव्हा हा धोका प्रत्यक्ष उभा राहिला. २०१३ च्या अभ्यासात ‘.होम’ व ‘.कॉर्प’ सर्वाधिक धोक्याची ठरली. इतर नव्या नावांसाठी २०१४ पासून एक युक्ती योजली गेली : पहिले ९० दिवस त्या नावाखालील विचारणांना १२७.०.५३.५३ हा पत्ता द्यायचा. हा पत्ता विचारणाऱ्या यंत्राकडेच परत वळतो. त्यामुळे माहिती बाहेर जात नाही. काम मात्र अडते आणि व्यवस्थापकाला चूक उमगते.

२०१८ मध्ये ‘.होम’, ‘.कॉर्प’ आणि ‘.मेल’ यांचे अर्ज पुढे न नेण्याचे ठरले. २०२४ मध्ये ‘.इंटर्नल’ हे नाव केवळ अंतर्गत वापरासाठी राखून ठेवले गेले. २०२६ च्या नव्या फेरीच्या नियमांतही अशा टकरीची तपासणी आहे.

नोंद नसली म्हणजे नाव मोकळे असतेच असे नाही. सूचीत नसलेल्या वापराचाही आधी शोध घ्यावा लागतो, हा या प्रकरणाचा धडा आहे.