वाळूतला वारा, बर्फातला वारा

कुवेतमध्ये जून उजाडला की शमाल सुरू होतो. खिडक्या कितीही घट्ट लावा, संध्याकाळी टेबलावर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ साचतेच! हिवाळ्यात वाळवंटात तंबू टाकायला गेलो की याच वाऱ्याची वाळूवरची सुबक कारागिरी दिसते. अशाच एका सहलीत मुलाने विचारले, "बाबा, बर्फावर पण अशा सुरकुत्या पडतात का?" शाळेत त्याचा अंटार्क्टिकावर प्रकल्प चालू होता. उत्तर शोधता शोधता आम्ही बापलेक थेट गोव्याला पोहोचलो.

६ डिसेंबर १९८१ रोजी डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जण गोव्याहून 'पोलर सर्कल' या नॉर्वेच्या जहाजाने निघाले आणि ९ जानेवारी १९८२ ला अंटार्क्टिकावर उतरले. दोन वर्षांनी, डॉ. हर्ष गुप्ता यांच्या तिसऱ्या मोहिमेत, 'दक्षिण गंगोत्री' हे आपले पहिले केंद्र उभे राहिले. १९८४ चा हिवाळा भारतीयांनी तिथेच काढला.

तिथला वारा मात्र शमालचाही थोरला भाऊ! उंच पठारावरची हवा थंड होऊन जड होते आणि उतारावरून पाणी वाहावे तशी किनाऱ्याकडे धावते. डग्लस मॉसन यांच्या ऑस्ट्रेलियन मोहिमेने १९१२-१३ मध्ये केप डेनिसन येथे वर्षभराचा सरासरी वेग ताशी सुमारे ८० किलोमीटर नोंदवला होता.

या वाऱ्यात बर्फाचे कण वाळूसारखेच टुणटुण उड्या मारत पुढे सरकतात. वाळूच्या या उड्यांचे गणित ब्रिटिश सैन्यातील राल्फ बॅगनॉल्ड यांनी इजिप्त-लिबियाची वाळवंटे पालथी घालून १९४१ च्या पुस्तकात मांडले. बर्फाच्या अभ्यासकांनाही ते उपयोगी पडले. फरक एवढाच की वाळू मोकळी राहते, तर बर्फाचे कण एकमेकांना चिकटून घट्ट होतात. मग सुताराने रंधा मारावा तसा वारा तो थर तासतो. वाऱ्याच्या दिशेने लांबट, धारदार वरंबे तयार होतात. त्यांना मूळ रशियन शब्दावरून 'सास्त्रुगी' म्हणतात. स्लेज ओढणाऱ्यांची त्यांवरून दमछाक होते. पण त्यांच्याशी ठरावीक कोन राखून चालले की दिशाही चुकत नाही.

वारा कुठे अडला, मंदावला, की हातातले ओझे तिथेच टाकतो. कुवेतमध्ये कुंपणाच्या आडोशाला वाळूचा ढीग साचतो, तसाच घराच्या आडोशाला बर्फाचा. 'दक्षिण गंगोत्री' तर तरंगत्या हिमपट्ट्यावर होते. वर्षामागून वर्षे बर्फ साचत गेला, केंद्र गाडले गेले आणि १९९० मध्ये ते बंद करावे लागले. तोवर शिर्माकर टेकड्यांच्या खडकावर 'मैत्री' उभे राहिले होते. २०१२ मध्ये सुरू झालेले 'भारती' तर खांबांवर उचलून बांधले आहे. वारा आणि त्याच्याबरोबरचा बर्फ खालून निघून जातो.

"म्हणजे पहिले घर फुकटच गेले?" चिरंजीवांचा प्रश्न.

मी म्हटले, "नाही रे. पाय कुठे रोवायचा आणि वाऱ्याला वाट कुठे द्यायची, हे त्या घरानेच शिकवले." परमुलखात संसार मांडलेल्या आपल्यासारख्यांना हे वेगळे सांगायला नको. आपल्यापैकी अनेकांचेही इथले पहिले घर आता राहिलेले नाही. शिकवण मात्र राहिली आहे.