काठवट आणि घरातले तेल

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी इतिहासाचे लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी सांगितले. राजेरजवाड्यांचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. म्हणून मी माझ्या घरच्या काठवटीचा लिहिते.

ही काठवट शिवणीच्या एका ओंडक्यातून कोरलेली आहे. पाटण तालुक्यातल्या माझ्या माहेरी तीन पिढ्या तिच्यात भाकरीचे पीठ मळले गेले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपात आमच्या घराच्या भिंती बसल्या. देवाच्या कृपेने माणसे वाचली. ढिगाऱ्यातून पितळेची भांडी चेपून निघाली, काठवट मात्र अखंड निघाली. माझ्या लग्नात आईने ती माझ्याबरोबर सांगलीला धाडली आणि बजावले, "वर्षातून दोनदा घरातले तेल लावीत जा, म्हणजे तडकायची नाही."

मी तसेच केले. घरात शेंगदाण्याचे तेल होते, तेच चोळीत गेले. काही वर्षांत काठवट चिकट झाली, तिला खवट वास येऊ लागला आणि एका उन्हाळ्यात काठाला चीर गेली. आईचे चुकले की माझे? याचे उत्तर शोधताना मला आपल्या मुलखाचा इतिहास चाळावा लागला.

आजच्या सांगली जिल्ह्याचा काही भाग पूर्वी सातारा जिल्ह्यात होता. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला व १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. रानातली जुनी पिकेही एकच. शाळूच्या कडेने करडईच्या ओळी असत, कारण तिच्या काट्यांमुळे गुरे आत शिरत नाहीत. आणि कुठे कुठे जवसाचे पट्टे. तेली हे बी बैलाच्या लाकडी घाण्यावर गाळी. भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला. आपल्याकडे त्याचा पेरा विसाव्या शतकात फार वाढला आणि शेंगतेल घरोघर पोचले. पणजीच्या तोंडी 'घरातले तेल' म्हणजे करडईचे नाहीतर जवसाचे. माझ्या घरातले शेंगदाण्याचे. शब्द तेच राहिले, तेल मात्र बदलले!

हा फरक लहान नाही. काही तेले हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतात, काही कधीच होत नाहीत. १०० ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन शोषते, यावरून हे ओळखतात. जवसाचा हा आकडा १७० च्या वर असतो, करडईचा १४० च्या आसपास, शेंगदाण्याचा १०० च्या आतबाहेर आणि खोबरेलाचा १० च्या आसपास. म्हणून जवस लाकडाच्या रंध्रांत सुकून बसते. करडईचे तेलही सुकते, पण फार सावकाश. शेंगतेल ओलेच राहते आणि खवट होते. खोबरेलही सुकत नाही, पण ते लवकर खवटत नाही.

जवसाचा हा गुण जगाने फार वापरला. १८६३ साली इंग्लंडात फ्रेडरिक वॉल्टन यांनी लिनोलियमचे पेटंट घेतले, ते जवसतेलाच्या घट्ट झालेल्या सायीवरून सुचलेले होते. अफगाणिस्तानात बामियानच्या लेण्यांतील सातव्या शतकाच्या सुमाराच्या चित्रांतही अशी सुकणारी तेले वापरलेली होती, हे २००८ साली उघडकीस आले.

मग काठवटीला कोणते तेल लावावे? आपल्या मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याला लाखेचे पॉलिश देतात, पण भाकरीचा चटका आणि पाणी त्याला सोसत नाही. एका हितचिंतकाने मला रंगाच्या दुकानातले उकळलेले जवसतेल आणून दिले होते. सुतारमामांनी हात धरला म्हणून बरे! ते लवकर सुकावे म्हणून त्यात धातूंचे क्षार घालतात. ते अन्नाला लागू नयेत. खाण्याचे, घाण्यावरचे निर्भेळ जवसतेलच घ्यावे.

मी काठवट सोड्याच्या गरम पाण्याने घासली, सावलीत वाळवली आणि पॉलिश पेपरने साफ केली. मग जवसतेलाचा अगदी पातळ हात दिला आणि अर्ध्या तासाने उरलेले पुसून काढले. असे तीन हात दिले. प्रत्येक हातानंतर आठ-दहा दिवस थांबले. एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. जवसतेलाची चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये, ती आपोआप पेट घेऊ शकते. पाण्यात भिजवून मगच टाकावी. ज्यांना इतके थांबणे जमत नाही, त्यांनी औषधाच्या दुकानातले लिक्विड पॅराफिन लावावे. ते सुकत नाही व खवटतही नाही, पण महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा लावावे लागते. पोळपाट, विळीचा पाट आणि नव्या घरांतल्या लाकडी ओट्यांनाही हेच लागू आहे.

माझ्या काठवटीची चीर भरून आली नाही, पण ती पुढे वाढलीही नाही. आईचे चुकले नव्हते. तिने तेलाचे नाव तेवढे सांगितले नाही, कारण तिच्या आजीला ते सांगण्याची गरजच पडली नव्हती. मी मात्र सुनेला काठवट देताना "जवसाचे तेल लाव" असे नाव घेऊन सांगितले आहे. आपणही आपल्या मुलीसुनांना घरच्या रीती सांगताना नावानिशी सांगाव्यात, एवढीच विनंती.