काडेपेटी फाटकाबाहेर

पुण्याच्या खडकीत दारूगोळा कारखाना उभा राहिला १८६९ साली. तेव्हापासून या गावात दोन नियम चालत आले: एक फाटकाबाहेरचा, एक आतला. बाहेर बाजारात कोणी बिडी शिलगावली तर हटकणारे कोणी नव्हते. आत खिशात काडेपेटी सापडली की नोकरीवर गदा. स्फोटकांच्या आवारात धूम्रपान, काड्या, ठिणगी पाडणारे खिळ्यांचे बूट, सगळेच वर्ज्य. १९४० मध्ये खडकीतच हाय एक्स्प्लोझिव्ह्ज फॅक्टरी आली आणि या शिस्तीत कामाला जाणारी घरे वाढली. सार्वजनिक जागी धूर काढायला देशभर बंदी झाली ती २ ऑक्टोबर २००८ पासून. खडकीच्या कारखान्यात ती त्याआधी शंभरावर वर्षे होतीच. फरक इतकाच की तिथे काळजी फुफ्फुसांची नव्हती, बारुदीची होती.

तलफ मात्र फाटकावर जमा करून आत जाता येत नाही. जिथे आग चालत नाही तिथे तोंडात धरायची तंबाखू सोयीची पडते. पुडीतून चिमूटभर तंबाखू डाव्या तळहातावर घ्यायची, नखाने डबीतला चुना काढून त्यावर लावायचा, अंगठ्याने घोटून घोटून मळायची, दोन थापा मारून धूळ उडवायची आणि ओठाआड ‘बार भरायचा’. ना काडी, ना राख, ना वास लपवायची धडपड. धुराविना निकोटीन शरीरात पोहोचवायची ही युक्ती महाराष्ट्राच्या इतकी अंगवळणी पडलेली आहे की तिला कोणी ‘पर्याय’ म्हणत नाही. गेल्या दोन दशकांत बॅटरीवर चालणारी ई-सिगारेट, म्हणजेच व्हेप, ‘बिनधुराचा आणि म्हणून सुरक्षित पर्याय’ म्हणून जगभर विकली गेली, तेव्हा या मुलखाला त्या दाव्याची ओळख आधीपासून असायला हवी होती.

दाव्यावरचा वादही जुनाच. पोर्तुगीजांबरोबर तंबाखू गोव्यात उतरली आणि दख्खनमध्ये पसरली. अकबराचा दरबारी असद बेग विजापूरच्या आदिलशाहीत वकिलीला गेला होता. तिथे त्याने ही नवलाई पाहिली आणि १६०४-०५ च्या सुमारास रत्नजडित नळीसह ती बादशहापुढे ठेवली. अकबराने दोन-चार झुरके घेतले. दरबारी हकिमाने हरकत घेतली: आपल्या जाणत्यांनी न पारखलेली वस्तू केवळ फिरंगी ओढतात म्हणून का घ्यावी? असद बेगचे उत्तर असे की फिरंग्यांतही शहाणे लोक आहेत, आणि प्रत्येक रीत कधी ना कधी नवीच असते. व्हेपवरच्या चर्चासत्रात आज बसवले तर दोघांनाही फारसे नवे बोलावे लागणार नाही. अकबराने हकिमाचे ऐकून नळी बाजूला ठेवली, पण सरदारांना वाटायला तंबाखू उरलीच होती. १६१७ मध्ये जहांगिराने बंदी घातली, तीही कागदावरच राहिली.

पुढे हुक्का आला, आणि त्याच्याबरोबर पाण्यातून धूर ‘गाळून’ येतो ही समजूतही. पाण्याने धूर थंड होतो. त्यातले विष बरेचसे तसेच राहते. ही समजूत इतकी चिवट निघाली की एकविसाव्या शतकात मुंबई-पुण्यातले हुक्का पार्लर तिच्यावर चालले. २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर मुंबईत कमला मिल आवारातल्या आगीत १४ जण गेले. तपासात बोट हुक्क्याच्या निखाऱ्यांकडे दाखवले गेले आणि २०१८ मध्ये महाराष्ट्राने कायदा दुरुस्त करून हुक्का पार्लर बंद केले. म्हणजे इथेही कायदा हलला तो आगीमुळे.

पुन्हा खडकीकडे येऊ. खडकी ही लष्करी छावणी. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांच्या फौजेशी इंग्रजांची लढाई याच परिसरात झाली. पुढे छावणी वसली, बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंता दलाचे ठाणे झाले. पहिल्या महायुद्धाने जगभरच्या सैनिकांच्या खिशात सिगारेट घातली. पण आजूबाजूच्या वस्तीची मुख्य ओढ बिडीचीच राहिली. टेंभुर्णीच्या पानात गुंडाळलेली बिडी स्वस्त होती, आणि विलायती सिगारेटवरच्या बहिष्काराच्या दिवसांत ती स्वदेशीही ठरली. ती वळणारे हात प्रामुख्याने बायकांचे; पुण्यात आणि त्याहून मोठ्या प्रमाणात सोलापुरात पद्मशाली घरांतल्या. त्यांच्या कामाच्या अटींसाठी १९६६ मध्ये वेगळा कायदा झाला. तंबाखूची धूळ मात्र कायद्यानंतरही त्यांच्या घरातच राहिली, कारण काम घरातच चालायचे.

सिगारेट आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचा संबंध डॉल आणि हिल या संशोधकांनी १९५० मध्ये लंडनमध्ये दाखवला, हे सगळे सांगतात. त्यानंतर पाचच वर्षांनी, १९५५ मध्ये, मुंबईच्या संघवी, राव आणि खानोलकर यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तंबाखू ओढणे आणि चघळणे या दोहोंचा तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाशी असलेला संबंध मांडला, हे फारसे कोणी सांगत नाही. ‘धूर नाही म्हणजे धोका नाही’ या समजुतीला आपल्याच भूमीतून दिलेले ते उत्तर होते. तेवढ्या काळात सिगारेट कंपन्यांनी आधी फिल्टर आणला, मग ‘लाइट’. ओढणारे जोराने ओढून निकोटीनची भरपाई करत राहिले. ‘लाइट’च्या नावाखाली लोकांची फसवणूक झाली, असा निकाल अमेरिकेतल्या न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी २००६ मध्ये दिला.

महाराष्ट्राचा स्वतःचा बिनधुराचा शोध म्हणजे मशेरी. तंबाखूचे पान तव्यावर काळे होईपर्यंत भाजायचे, ठेचून पूड करायची, छोट्या डबीत भरायची आणि सकाळी तर्जनीने दातांवर घासायची. नाव दंतमंजनाचे, काम तलफेचे. ज्या घरात सुनेने बिडी ओढणे अशक्य, तिथे मशेरी खपून गेली, कारण ती ‘व्यसन’ दिसत नव्हती. मग गुटखा आला आणि पोरांपर्यंत पोहोचला. राज्याने जुलै २०१२ मध्ये त्यावर बंदी घातली. ती अन्नसुरक्षा कायद्याखाली असल्याने आदेश दरवर्षी नव्याने काढावा लागतो, आणि पुड्या पकडल्याच्या बातम्याही दरवर्षी येतात.

या पार्श्वभूमीवर व्हेप पाहायला हवा. त्याची कल्पना अमेरिकेतल्या हर्बर्ट गिल्बर्टची. त्याने १९६३ मध्ये अर्ज केला, १९६५ मध्ये पेटंट मिळाले, पण माल काही बाजारात आला नाही. चालला तो चिनी औषधतज्ज्ञ होन लिक यांचा २००३ मधला नमुना. लिक स्वतः अट्टल सिगारेट ओढणारे. यंत्र साधे आहे: बॅटरी, तापणारी तार आणि प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटीन व सुगंध यांचे द्रावण. काही जळत नाही, त्यामुळे डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड टळतात. हा फायदा खरा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. (खडकीच्या फाटकातून मात्र तापती तार आणि लिथियमची बॅटरीही आत जाणार नाही.)

२०१५ मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने व्हेप सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी घातक असल्याचे म्हटले. हा आकडा प्रयोगशाळेतल्या मोजमापातून नव्हे, काही तज्ज्ञांच्या अंदाजातून आला होता आणि लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने त्यावर कडक टीका केली. दुसरीकडे, निकोटीनचा व्हेप वापरणाऱ्यांत सिगारेट सुटण्याचे प्रमाण निकोटीनचा च्युइंगम वा पट्टी वापरणाऱ्यांपेक्षा जास्त दिसते, असे वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यांत आले आहे. मग २०१९ मध्ये अमेरिकेत फुफ्फुसांच्या विचित्र आजाराची साथ आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू. संशयाची सुई प्रामुख्याने गांजातल्या घटकाच्या काळ्या बाजारातल्या द्रावणांकडे आणि त्यांतल्या व्हिटॅमिन ई अॅसिटेटकडे वळली, पण बदनाम सगळेच व्हेप झाले. वीस-तीस वर्षे व्हेप ओढलेल्या माणसाच्या शरीरात काय होते, हे सांगायला अजून पुरेसा काळच लोटलेला नाही.

भारतात वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) मे २०१९ मध्ये संपूर्ण बंदीची शिफारस केली, १८ सप्टेंबरला अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. बनवणे, आयात, विक्री, जाहिरात सगळे गुन्हा; पहिल्या वेळी १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. कारण दिले गेले पोरांचे, आणि गोड सुगंधांची द्रावणे पाहता ते पटण्यासारखे आहे. ब्रिटननेही फेकून द्यायचे व्हेप १ जून २०२५ पासून बंद केले. तरी आपल्या कायद्यातली विसंगती लपत नाही: नवखा व्हेप बेकायदा, आणि जिचे नुकसान सत्तर वर्षे सिद्ध आहे ती सिगारेट कोपऱ्यावर मिळते. सिगारेट विकणाऱ्या आयटीसीत एलआयसीसह सरकारी विमा कंपन्यांचे मोठे भागभांडवल आहे, ही गोष्ट विरोधकांनी त्या वेळी बोलून दाखवलीच.

पण खडकीच्या दृष्टीने खरी मेख वेगळीच आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले आणि २४.४ टक्के बिनधुराची तंबाखू घेणारे. सिगारेट ओढणाऱ्या इंग्लंडात सुरू झालेला ‘व्हेप की सिगारेट’ हा वाद इथे जसाच्या तसा आणणे म्हणजे दुसऱ्याच्या पायाच्या मापाने चप्पल शिवणे. स्वीडनचे उदाहरणही उपयोगाचे नाही. तिथल्या स्नूस या ओठाआड धरायच्या तंबाखूत कर्करोगकारक नायट्रोसामाइन कमी ठेवले जातात, आपल्या पुडीतल्या तंबाखूत ते भरपूर असतात. तळहातावर तंबाखू मळणाऱ्याला, मशेरी भाजणाऱ्या आजीला व्हेप काय पर्याय देणार? त्यांच्या हातात आधीच बिनधुराचे साधन आहे, आणि तोंडाच्या कर्करोगाचे वॉर्ड त्यानेच भरले आहेत. व्हेपवर बंदी घालून राज्यकर्त्यांनी सोपा भाग उरकला. मशेरी आणि मळलेली तंबाखू हा अवघड भाग तसाच पडून आहे, आणि त्यावर ना अध्यादेश निघतो ना चर्चासत्र भरते.

सोडायचे ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी २०१६ पासून १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय मोफत क्रमांक चालू आहे. तो फक्त सिगारेटवाल्यांसाठी नाही. पुडीवाल्यांनी आणि मशेरीवाल्यांनीही फोन करावा.